चुलीवर चहा उकळत होता

"आवाज माझाच आहे गं, पण हे बोलतंय कोण?" हेडसेट न काढताच बाईंनी विचारलं.

बाई म्हणजे रंगभूमीवर ४० वर्षं काढलेल्या अभिनेत्री. पुण्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत एका व्हीआर, म्हणजे आभासी जगातल्या, प्रसंगासाठी आम्ही त्यांच्या चेहऱ्यावरून डिजिटल आजी घडवतोय. हेडसेट लावला की तुम्ही जुन्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेले असता, समोर ही आजी, आणि तिचं पहिलं वाक्य : "चुलीवर चहा उकळत होता." चेहऱ्याचं रिगिंग, म्हणजे तो हलवणारी यंत्रणा बसवणं, माझ्याकडे आहे.

त्वचा सुरेख उतरली होती. दिव्यांवर आणि कॅमेऱ्यावर प्रकाश गाळणाऱ्या काचा लावून काढलेल्या क्रॉस-पोलराइज्ड फोटोंमुळे कातडीवरची चकाकी आणि खालचा रंग वेगवेगळे मिळतात, त्यामुळे कपाळावरचं गोंदण खरोखर कातडीच्या आत बसल्यासारखं दिसत होतं. कानाच्या पाळीतून उजेड झिरपत होता. बाई स्वतःच्या डोळ्यांकडे बघून "अगंबाई" म्हणाल्या. मग आजीने तोंड उघडलं आणि सगळं मोडलं.

आवाजावरून ओठ हलवणारी साधनं दिसायला सारखे उच्चार एकाच आकारात बसवतात. त्या आकाराला व्हिसीम म्हणतात. ऑक्युलस लिपसिंक या अशाच एका साधनात असे १५ आहेत, त्यातला एक गप्प बसलेल्या तोंडाचा. न आणि ल मिळून एक, फ आणि व मिळून एक. आयफोनचं एआरकिट हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्यातून चेहऱ्याच्या ५२ हालचाली टिपतं, त्यात जिभेची एकच : जीभ बाहेर काढणं. इंग्रजी बोलण्याला एवढ्यात बरंचसं भागतं.

आता आरशासमोर उभं राहून आजीचं वाक्य सावकाश म्हणून बघा. चुलीतला च आणि चहातला च. अक्षर एक, पण चुलीला जिभेचं टोक वरच्या दातांमागे जातं आणि चहाला जिभेचा मधला भाग टाळूला भिडतो. आमच्या साधनाने दोन्हीकडे इंग्रजी 'चेअर'सारखे ओठ पुढे काढले होते. 'वर'मधल्या व-ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवले होते. आपण व म्हणताना ओठ चावत नाही हो! आणि उकळतमधला ळ त्याला ठाऊकच नव्हता. त्याने तिथे ल ठेवून दिला.

हे बारकावे कोण बघतं, असं मला विचारलं जातं. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आवाज 'ब'चा आणि ओठ 'ग'चे असले तर पुष्कळांना 'द' ऐकू येतो. कान ओठांचं ऐकतो. त्यामुळे ओठ परके झाले की बाईंचा इतका घडवलेला आवाजही डब केल्यासारखा वाटायला लागतो, आणि मला ते सहन होत नाही.

सिनेमात निदान कॅमेरा आपल्या हातात असतो. सेकंदाला २४ फ्रेम, एकेक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे चित्र घडवायला, संगणकाला तासन् तास देता येतात, तोंडाच्या आत अंधार ठेवता येतो. व्हीआरमध्ये सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे दोन्ही डोळ्यांची चित्रं मिळून ११ मिलिसेकंदांत तयार हवीत. शिवाय बघणारा कुठून बघेल याचा नेम नाही. आमच्याकडे आलेली एक लहान मुलगी सरळ वाकली आणि आजीच्या तोंडात खालून बघू लागली. ळ म्हणताना जीभ मागे वळते, तिचा तळ वर येतो. त्या तळाशी निळसर शिरा असतात, मधोमध एक तंतू असतो, लाळेची ओली चमक असते. आमच्या जिभेला तळच नव्हता. एक गुलाबी पट्टी होती नुसती.

मग मी बाईंच्या हनुवटीजवळ दिवा धरून फोनवर २४० फ्रेमच्या वेगाने चित्रण केलं. बाळ, काळ, माळ, जाळं, पोळी. बाई न कंटाळता म्हणत राहिल्या. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात ळ म्हणजे एक धूसर डाग होता. इथे तो पहिल्यांदा नीट दिसला : टोक मागे वळतं, टाळूला ओझरतं लागतं आणि झपकन पुढे येतं. दातांसाठी दंतवैद्याकडून प्लास्टरचा साचा करून घेतला आणि बाईंच्याच सांगण्यावरून त्यावर मिश्रीचा काळपटपणा चढवला. दोन च, एक व, एक ळ, असे चार नवे आकार बसवले. ळ-ने सर्वांत जास्त दिवस खाल्ले, कारण जीभ परत येताना दातांतून आरपार जायची.

परवा बाईंनी पुन्हा हेडसेट लावला. वाक्य चार वेळा ऐकलं, एकदा वाकून खालूनही बघितलं.

"आता माझंच तोंड आहे," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण ही आजी चहा म्हणेल का गं? माझी सासू आयुष्यभर च्या म्हणायची. चुलीवर च्या उकळत व्हता."

मी काही बोलले नाही, कारण त्यांचं खरं होतं. सोमवारी नव्याने रेकॉर्डिंग आहे. 'व्हता'मधला तो श्वास मिसळलेला व काल रात्रीच मांडायला घेतला. ओठ जवळ येतात, चिकटत नाहीत, आणि मधून वारा जातो.