माजलगावचं भाडं, धारूरचा घाट आणि धरणावरचा गळ

पेंडीचं भाडं माजलगावचं लागलं म्हटल्यावर मेहुण्याने फोनवरच ठरवून टाकलं, “दाजी, गाडी खाली झाली की लगेच माघारी फिरायचं नाही. धरणावर बसायचं.” दिवाळी होऊन आठवडा झाला होता, परतीचा पाऊस बरा झाल्याने धरण भरलेलं. लातूरहून रात्री दहाला निघालो. रेणापूर, अंबाजोगाई, केज, धारूर, तेलगाव, माजलगाव. केजपर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

धारूरला चहाला थांबलो. पुढे घाट, अरुंद आणि आखूड वळणांचा. त्यात कारखाने सुरू झालेले, म्हणजे रस्त्यावर ऊसाच्या ट्रॉल्या आणि त्यातल्या कैकांना मागे लाल दिवा नाही. घाटाआधी टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, घेऊन सगळे टायर ठोकायचे ही माझी जुनी सवय. हवा भरपूर असेल तर टायर ठणकन वाजतो, टॉमी उसळून हातात परत येते. मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर भद्द वाजला. मोबाईलचा उजेड धरून पाहिलं तर जोडीच्या मधोमध मुठीएवढा दगड रुतलेला. अंबाजोगाईच्या अलीकडे एका ट्रॉलीला जागा देताना गाडी खडीवर उतरवली होती, तिथलाच असणार. दोन्ही टायरांच्या भिंतीवर घासल्याची चकाकती रेघ. बोट फिरवून पाहिलं, आतला दोरा हाताला लागला नाही, म्हणून निभावलं. टॉमीने दगड हुसकायला वीस मिनिटं गेली.

हवा कमी होती ती मात्र दगडाने नव्हे, माझ्या आळसाने. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून महिनाभर तो तपासलाच नव्हता. तुमची गाडी जोडीच्या टायरांची असेल तर व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या. एकाची हवा उतरली की त्याचं ओझं शेजाऱ्यावर जातं, तो तापतो आणि मग जो बरा होता तोच फुटतो. जोडीत एक कोरा आणि एक घासलेला टायर घालू नये तेही याच कारणाने. कोऱ्याचा घेर मोठा, भार तोच उचलत राहतो.

माझ्या टाटा ४०७ला ७.५० आर १६ मापाचे टायर लागतात. मागच्या साली टायर घ्यायला गेलो तेव्हा ‘जास्त प्लायचा (आत दोऱ्याचे जास्त थर असलेला), जाड टायर, दगडालासुद्धा दाद देणार नाही’ म्हणून नायलॉनचा गळ्यात मारला गेला. त्याची भिंत दणकट असते हे खरं. खाणीवर, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर तोच घ्यावा. पण माझं काम सगळं डांबरी रस्त्याचं, आणि लांब पल्ल्याला नायलॉन जास्त तापतो, लवकर झिजतो. माझ्यासारख्याला रेडियल, म्हणजे आत पोलादी तारांचा, बरा. फक्त त्याची भिंत दगडधोंड्यापासून जपावी लागते. दोन्ही जाती एका ॲक्सलवर मिसळू नका. पुढे उभ्या रेघांच्या नक्षीचा टायर, मागे जाड गट्ट्यांचा, ही माझी मांडणी.

आणि खरेदी करताना भिंतीवर ‘डॉट’ अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मी वाचले नव्हते. कोरा म्हणून घेतलेला टायर चार वर्षं दुकानात पडून होता; सहा महिन्यांत भिंतीला बारीक तडे गेले. दुकानदार म्हणाला, ऊन लागलं असेल. ऊन लागलंच होतं, त्याच्याच दारात.

पेंड खाली व्हायला अकरा वाजले. धरण सिंदफणेवर, केसापुरीजवळ. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणीही यात येतं. धरणातल्या मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा गळ काढण्याआधी काठावरच्या माणसाला गाठून विचारा. आम्ही विचारलं, जाळी कुठे लावली आहेत तेही त्यानेच दाखवलं. पैठणच्या नाथसागराचा बेत असेल तर ते पक्षी अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवा.

मेहुण्याने आणलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पाहून मला माझा टायर आठवला. जाड, जवळपास दोरीच. “मोठा मासा लागला तर तुटायला नको.” जाड तंगूस पाण्यात दिसतो, रिळावर वेटोळी धरतो आणि लांब जात नाही. दोन तास पाण्यावर तरंगणारं बूच नुसतं बघत बसलो. मग माझ्याकडचा ०.३५ मिलिमीटरचा लावला. दोन-तीन किलोच्या रोहूला तो पुरतो, फक्त रिळाचा ब्रेक थोडा ढिला ठेवायचा, मासा ओढील तेव्हा तंगूस सुटत गेला पाहिजे. तंगूस बहुधा गाठीत तुटतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, कोरडी ओढली की घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. गळाच्या आकड्यांत नवखे हमखास फसतात: ६ नंबरपेक्षा १० नंबरचा गळ लहान.

चारा फुकटच मिळाला. गाडीच्या फाळक्यात सांडलेली पेंड झाडून कणकेत मळली, सुपारीएवढे गोळे केले. गोळा फार मऊ झाला तर फेकताना हवेतच सुटतो, माझे पहिले चार तसेच गेले. साडेतीनच्या सुमाराला बूच आडवं पडलं, मग सरळ बुडालं. दोन किलोच्या आतबाहेरचा रोहू. दुसरा याहून मोठा असावा, पण पाण्यात बुडालेल्या वेड्या बाभळीच्या खोडात घुसला आणि तंगूस, गळ, शिसं सगळं घेऊन गेला.

गाडी मी मुरमावरच लावली होती. काळ्या रानात एकदा उतरलात की गट्ट्यांच्या खाचांत चिखल बसतो आणि टायर नुसता जागेवर फिरतो. कितीही भारी टायर असू द्या. पण मुरमावर वेड्या बाभळीचे काटे पडलेले, ते माझ्या लक्षात आलं नाही. निघताना पुढचा उजवा बसलेला. घासून खाचा उथळ झाल्या होत्या, बोटाच्या पेराएवढा काटा थेट ट्यूबपर्यंत गेला होता. स्टेपनी चढवेपर्यंत अंधार पडला. रोहू पेंडीच्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला होता. मेहुणा एका हाताने मोबाईलचा उजेड धरून दुसऱ्या हाताने कुत्री हाकलत होता.