चोर्ला रोडची फुलं बघायची तर गाडीतनं उतरा

सप्टेंबरच्या शेवटी बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत जाऊन आलो, खास फुलांचे फोटो काढायला. जाणार असाल तर आधीच सांगतो, घाटातल्या व्ह्यू पॉइंटच्या मागं लागू नका. तिथं धुकं, सेल्फीवाले आणि गोव्याला पळणाऱ्या गाड्या. फुलांची खरी मजा त्याच्या आधी, कणकुंबीच्या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर.

रस्त्याकडेची पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा गाडीतनं पण दिसतात, त्याचे फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. जांभ्या दगडावर बोटभर पाणी साठलेलं असतं तिथं गुडघे टेकून बसा, मग सीतेची आसवं दिसायला लागतात, निळी-जांभळी, नखाएवढी, मधेमधे गेंद नावाच्या फुलाची पांढरी बटणं. सीतेची आसवं दिसायला एवढी नाजूक पण झाड मांसाहारी बरं का, चिखलात त्याचे बारीक फुगे असतात, पाण्यातले किडे आत ओढून घेतात. आणि दवबिंदू नावाचं दुसरं मांसाहारी झाड मिळालं तर सोडूच नका, लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट, एवढा एक फोटो आला तरी पेट्रोल वसूल.

मी असा पालथा पडलेला बघून एक म्हशीवाले मामा थांबले. "काय हुडकूलालाय?" म्हटलं फुलं. "ह्ये व्हय, ह्ये तर म्हशी खातात की!"

मॅक्रो लेन्स (अगदी जवळनं फोटो काढायची) असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइल उलटा धरा म्हणजे कॅमेरा जमिनीला टेकतो आणि फुलाच्या लेव्हलला येतो. ढगाळ उजेड चांगला, कडक उन्हात जांभळा रंग मरतो. सड्यावर वारा काय थांबत नाही, शटर 1/500 सेकंदापेक्षा हळू नको, नाहीतर फूल हललेलं येतं. ओल्या पानांची चमक घालवायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर. आणि बसायला खताचं रिकामं पोतं, महागड्या मॅटपेक्षा भारी.

कारवीच्या झुडपांची फुलं बघायला म्हणून मुद्दाम जाणार असाल तर आधी गावात कुणाला तरी विचारा, ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. या पट्ट्यात भीमगड अभयारण्य आहे, त्यामुळं रस्ता सोडून जंगलात शिरायचं तर वनखात्याची परवानगी घ्या. गाडी वळणावर लावू नका, धुक्यात मागच्याला दिसत नाही. सड्यावर दगडादगडावरनं चाला, फुलं तुडवून फोटो काढणारे लई बघितले. जळवा असतातच, लागली तर ओढू नका, नखानं बाजूनं सरकवून काढा.