नॅचेझ: हवेल्या या काठाला, कापूस त्या काठाला

अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर नॅचेझ नावाचं गाव आहे. वस्ती साडेचौदा हजारांच्या आसपास. प्रवासी रेल्वे नाही, विमानासाठी बॅटन रूज नाहीतर जॅक्सन गाठावं लागतं. आम्ही न्यू ऑर्लिन्सहून हायवे ६१ धरला आणि रमतगमत वर आलो. लोक इथं येतात ते मुख्यतः हवेल्या बघायला: यादवी युद्धाच्या आधी बांधलेल्या, पांढऱ्या उंच खांबांच्या, शंभर पाहुणे सहज मावतील अशा. मला खांबांचं विशेष कौतुक नाही. पण माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, लहानपण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात गेलेलं, आणि हे सगळे खांब कापसाच्या पैशावर उभे राहिलेले. तेव्हा नवऱ्यानं सुचवलेला समुद्रकिनारा बाजूला ठेवून मी हट्टानं हे गाव निवडलं.

गाव कड्यावर बसलंय, नदीपासून साधारण दोनशे फूट उंच. कडा खडकाचा नाही, मातीचा आहे. हिमयुगात वाऱ्यानं उडवून आणलेली बारीक पिवळसर माती. कोरडी असेल तर भिंतीसारखी ताठ उभी राहते, पाणी मुरलं की ढासळते. कड्याच्या काठानं बाग आणि फिरायची वाट केली आहे. संध्याकाळी अर्धं गाव तिथं असतं. खाली नदी, तिच्यावर लोखंडी जुळे पूल (एक १९४० चा, दुसरा १९८८ चा), आणि पलीकडं लुइझियाना राज्य, नजर पोचेल तिथवर सपाट. सूर्य त्या सपाटीवर मावळतो म्हणून सगळे कॅमेरे तिकडं वळतात. मीही तिकडंच बघत होते, पण माझ्या डोक्यात सूर्य नव्हता. नॅचेझच्या धनिकांची घरं या उंच, हवेशीर काठावर होती. त्यांच्यातल्या अनेकांची शेतं मात्र पलीकडं, पुराच्या गाळानं काळ्या झालेल्या सखल जमिनीत. पूर, डास, ताप आणि राबणारी माणसं त्या काठाला. झुंबरं, पियानो आणि गुलाबाच्या बागा या काठाला. मधे रुंद नदी. हवेली बघताना हे कोणी आपण होऊन सांगत नाही, पण कड्यावर उभं राहिलं की दिसतं.

कड्यावरून सिल्व्हर स्ट्रीट उतरत धक्क्यावर जातो. या खालच्या वस्तीला ‘अंडर-द-हिल’ म्हणतात. एके काळी इथं नावाडी, जुगारी, दारूचे गुत्ते यांचं राज्य होतं. वरचे सभ्य लोक खाली उतरायला कचरत, मात्र त्यांचा सगळा कापूस इथूनच बोटीवर चढायचा. बाकीचे रस्ते नदीनं गिळले, आता एवढाच उरलाय. त्यापूर्वी, वाफेच्या बोटी नव्हत्या तेव्हा, ओहायो आणि केंटकीकडचे शेतकरी धान्य, डुकराचं मांस आणि व्हिस्की सपाट बुडाच्या होड्यांवर लादून प्रवाहाबरोबर खाली यायचे. तसली होडी उलटी वर नेणं अशक्यच. म्हणून माल विकला की होडीही लाकडाच्या भावात मोडीत काढायची, पैसे कमरेला बांधायचे आणि जंगलातून पायी घरी जायचं. ती वाट म्हणजे नॅचेझ ट्रेस. आज त्या वाटेला धरून नॅशव्हिलजवळपर्यंत ४४४ मैलांचा झाडीतला रस्ता आहे. ट्रकला मनाई, जाहिरातीचा एक फलक नाही. आम्ही त्यावर एमराल्ड माउंडपर्यंत गेलो. सपाट माथ्याची, आठ एकरांवर पसरलेली ही टेकडी माणसांनी माती वाहून रचलेली आहे. नॅचेझ हे मूळ त्यांच्या वंशजांच्या जमातीचं नाव. १७१६ मध्ये फ्रेंचांनी कड्यावर किल्ला बांधला, १७२९ मध्ये जमातीनं तो उद्ध्वस्त केला, आणि त्याचा सूड म्हणून फ्रेंचांनी जमातच उखडून टाकली. पकडलेल्यांना कॅरिबियन बेटावर गुलाम म्हणून विकलं. नाव गावाला राहिलं.

जेवणाबद्दल थोडं, कारण शाकाहारी मंडळी विचारतीलच. मी मासे खाते, त्यामुळे मक्याच्या पिठात घोळवून तळलेल्या कॅटफिशवर माझं उत्तम चाललं. नवरा पक्का शाकाहारी. त्यानं हौसेनं शिजवलेली पालेभाजी मागवली, तर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. घेवडा मागवला, त्यातही तेच. वाढणाऱ्या बाईंनी ‘हनी, त्याशिवाय चव कशी येणार?’ असं मनापासून विचारलं. शेवटी तळलेली भेंडी आणि बिस्किटं यांवर त्याची पोटपूजा झाली. बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे. मऊ, लोणी घातलेली, पदर सुटणारी गरम पाव-वडी. भेंडी इथं आफ्रिकेतून आणलेल्या माणसांबरोबर आली आणि दक्षिणेच्या स्वयंपाकघरात कायमची राहिली. आणि चहा! बर्फाचा, इतका गोड की उसाचा रस बरा.

हवेल्यांपैकी एकच बघायची असेल तर लाँगवूड बघा. अष्टकोनी, विटांची, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. हॅलर नट नावाच्या धनाढ्य कापूसवाल्यानं १८६० मध्ये बांधायला घेतली. त्याच्या मालकीचे आठशेच्या आसपास गुलाम होते. नकाशा फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोनचा, कारागीर उत्तरेकडचे, विटा मात्र त्याच्या गुलामांनी जागेवरच पाडलेल्या. १८६१ मध्ये युद्ध पेटलं आणि उत्तरेचे सुतार-गवंडी हातातलं काम टाकून घरी पळाले. बत्तीस खोल्यांचा बेत होता, खालच्या मजल्यावरच्या नऊ पुऱ्या झाल्या, त्याही गुलामांच्या हातून. नट १८६४ मध्ये वारला. बायको-मुलं त्या नऊ खोल्यांत राहिली.

खाली सजवलेलं घर बघायचं आणि मग जिना चढायचा. वर नुसता सांगाडा. उघड्या विटा, न रंधलेल्या तुळया, फरशीऐवजी फळ्या, आणि डोकं वर केलं की घुमटापर्यंत पोकळी. कोनाड्यांत पुतळे बसायचे होते, ते रिकामेच. सुतारांची हत्यारं आणि सामानाची खोकी अजून तिथं मांडलेली आहेत. एका फळीजवळ मी वाकून बघितलं तर करवतीची रेघ निम्म्यावर थांबली होती. बरोबरच्या बायका ‘किती वाईट’ म्हणून हळहळत होत्या. मला हळहळ वाटेना. माझं गणित वेगळंच सुरू झालं होतं.

कारण ज्या युद्धानं हे घर अर्धवट राहिलं, त्याच युद्धानं मुंबई श्रीमंत झाली. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेना, आणि मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६१ ते ६५ मुंबईत बँका आणि कंपन्यांचं पीक आलं, समुद्र बुजवायच्या योजनांचे शेअर आकाशाला भिडले. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद याच तेजीचे राजे. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, अर्धी मुंबई दिवाळ्यात गेली. वऱ्हाडात रेल्वे, सरकी काढायचे जिनिंग, गाठी बांधायचे प्रेस मागाहून आले आणि राहिले, कर्जही राहिलं. त्याच्याही वीसेक वर्षं आधी ईस्ट इंडिया कंपनीनं अमेरिकेतून दहा अनुभवी कापूसवाले पगारावर हिंदुस्थानात आणले होते, लांब धाग्याचा अमेरिकन कापूस इथं पिकवून दाखवायला. बऱ्याच ठिकाणी फसले, धारवाडकडं थोडं जमलं. आज आमच्या वावरात जी पऱ्हाटी असते तीही याच अमेरिकन जातकुळीची. लाँगवूडच्या पोकळीखाली उभी राहून हे सगळं मी नवऱ्याला सांगत होते, तो ‘जिना उतरू या का’ म्हणत होता.

मेलरोज ही दुसरी हवेली राष्ट्रीय उद्यान खात्याकडं आहे, म्हणून तिथली माहिती सरळ मिळते. जेवणाच्या मेजावर छताला कोरीव महोगनीचा भला मोठा पंखा टांगलाय, आपल्याकडं साहेबांच्या बंगल्यांत असायचा तसाच दोरीनं हलणारा. दोरी ओढायला गुलामाचं मूल उभं असे. जेवण संपेपर्यंत ओढायची, आणि मेजावरच्या गप्पा ऐकू आल्याच नाहीत असं दाखवायचं.

तिथून गाडीनं काही मिनिटांवर फोर्क्स ऑफ द रोड. हवेल्यांच्या नकाशात ही जागा शोधावी लागते. रस्ते फुटतात तिथला गवताचा एक तुकडा, माहितीचे फलक, सिमेंटात रुतवलेल्या बेड्या. न्यू ऑर्लिन्सनंतर खोल दक्षिणेतला सगळ्यात मोठा गुलामांचा बाजार इथं भरायचा. व्हर्जिनिया, मेरीलँडकडून माणसं साखळ्यांत चालवत किंवा जहाजानं आणायची. १८३३ मध्ये कॉलऱ्याच्या भीतीनं गावानं व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढलं; बाजाराला कोणाची हरकत नव्हती, रोगाला होती. इथं लिलाव क्वचितच होई. गिऱ्हाईक दुकानात फिरल्यासारखं फिरे, दात बघे, पाठ बघे, घासाघीस करी. १८६३ मध्ये उत्तरेची फौज गावात आली. तिच्यात भरती झालेल्या काळ्या सैनिकांनी हे कोंडवाडे मोडले आणि त्या लाकडांतून स्वतःच्या बराकी बांधल्या. फलकावरचं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. शेजारून गाड्या जात होत्या, आणि आमच्याखेरीज तिथं कोणी थांबलं नाही.

सगळं काळं-पांढरं मांडता येत नाही, याचा पुरावा स्टेट स्ट्रीटवर आहे: विल्यम जॉन्सनचं घर. जन्मानं गुलाम, लहानपणीच मुक्त झालेला, धंद्यानं न्हावी. त्याच्या दुकानात गोरे गिऱ्हाईक दाढीला यायचे. १८३५ पासून १८५१ पर्यंत त्यानं रोजनिशी लिहिली: कोणाची उधारी, कोणाची मारामारी, घोड्यांच्या शर्यती, पावसाचं मान. आणि या माणसानं स्वतः गुलाम बाळगले होते. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीवरून त्याचा खून झाला. साक्षीदार काळे, आणि गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कायद्याला चालत नव्हती. आरोपीनं आपण गोरे असल्याचा दावा लावून धरला आणि तो सुटला. बांधावरून खून आमच्या जिल्ह्यातही होतात. साक्ष रंगावरून बाद होणं मात्र मी पहिल्यांदाच वाचलं.

गावातल्या ओक झाडांवरून राखाडी शेवाळासारख्या जटा लोंबत असतात, स्पॅनिश मॉस. फोटोत फार छान येतात. १९४० मध्ये इथल्या ऱ्हिदम नाइट क्लबात सजावटीला हेच वाळलेलं मॉस टांगलं होतं, त्यावर किडे मारायचं औषध फवारलेलं. फुकट्यांनी बाहेरून गाणं ऐकू नये म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद. आग लागली, बाहेर पडायला एकच दार. २०९ माणसं गेली, सगळी काळी वस्तीतली. छोटं संग्रहालय आहे, जरूर जा.

कब्रस्तानात मी सहसा जात नाही, पण फ्लोरेन्स फोर्डची कबर बघायची होती. दहा वर्षांची मुलगी, १८७१ मध्ये पीतज्वरानं गेली. तिला वादळाची भीती वाटायची, गडगडाट झाला की आईच्या कुशीत शिरायची. आईनं कबरीला लागून जमिनीत पायऱ्या खणून घेतल्या, थेट शवपेटीच्या उशाशी. तिथं काचेची खिडकी होती. पाऊस सुरू झाला की आई खाली उतरून बसायची आणि डोक्यावर लोखंडी झडपा ओढून घ्यायची. खिडकीपुढं आता भिंत आहे, पण पायऱ्या आणि झडपा आहेत. मी उतरले. सहा माणसं दाटीवाटीनंही मावणार नाहीत एवढी जागा, ओलसर, कोपऱ्यात कोणीतरी ठेवलेली प्लॅस्टिकची बाहुली.

परतताना डॅलसच्या दिशेनं पूल ओलांडला. पलीकडं व्हिडेलिया, मग फेरिडे. चढ नाहीच, बांध ओलांडला की शेतंच शेतं. सोयाबीन, मका, आणि अधूनमधून पऱ्हाटी. पानं औषध मारून झाडलेली, त्यामुळे नुसती फुटलेली बोंडं. शेताच्या कडेला पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे गोल ढीग. गाडी थांबवून शेतकऱ्याला विचारलं, त्यानं बघायला हरकत नाही म्हटलं. तिथली सकाळ म्हणजे यवतमाळला रात्रीची जेवणं आटपायची वेळ. बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

‘‘तिकडं वेचाले बाया भेटतेत काय?’’ पहिला प्रश्न. मी यंत्राकडं फोन फिरवला. एकटा माणूस एसीत बसून सहा ओळी एकदम वेचत होता.

‘‘अन् भाव?’’

शेतकऱ्यानं सांगितला, पौंडाला अमुक सेंट. मी क्विंटलचा हिशोब करू लागले तर बाबांनी अडवलं. ‘‘थांब. हा भाव सरकीसगट का नुसत्या रुईचा?’’

मी भाषांतर करून विचारलं. शेतकरी हसला, म्हणाला, रुईचा, सरकी काढलेल्या कापसाचा. शहरातलं कोणी हा प्रश्न विचारत नाही, असंही म्हणाला.

‘‘मंग मले वाटलंच,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता ते मशीन जवळून दाखव. खाली किती सांडते ते पाहू दे.’’