मागाच्या शेडमध्ये भाकरीची चूल बसवताना

कडक भाकरी गॅसवरही होते. पण आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, ती पटत नाही. मालदांडी ज्वारीची भाकरी तव्यावर भाजल्यावर आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, सावकाश वाळली, तरच ती महिना-महिना कुरकुरीत राहते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. काम वाढलं तसं घरची चूल पुरेना. म्हणून सोलापूरच्या पूर्व भागातलं एक बंद पडलेलं यंत्रमागाचं शेड भाड्यानं घेतलं. तिथं बायका दिवसभर चुलीपुढं बसणार होत्या. त्यांच्या छातीत धूर जाता कामा नये आणि शेडला ठिणगी लागता कामा नये, या दोन गोष्टींवर मी पहिल्यापासून हटून होते.

शेडमध्ये वर्षानुवर्षं टॉवेल विणले गेले होते. छताला लाकडी वासे, त्यावर पत्रे. शिडी लावून वर पाहिलं तर वाशांच्या वरच्या अंगाला कापसाच्या बारीक तंतूंचा जाड थर साचलेला. खालून तो दिसतच नाही. एक ठिणगी पुरे होती. सगळं आधी झाडून घेतलं, मग ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. पिठाचं पोतं आणि सरपण कुठं ठेवायचं हेही त्याच दिवशी ठरवलं: चुलीपासून लांब, समोरच्या भिंतीला.

मिस्त्री म्हणाले, "ताई, कोपऱ्यात बसवू की. जागा वाचती."

मी म्हटलं, "मिस्त्री, आधी पत्र्यावर चढून बघू. धूर कुठून जाणार ते ठरलं की चुलीची जागा आपोआप ठरंल."

वर गेल्यावर त्यांनाही पटलं. धुराडं पत्र्याच्या वर किमान 3 फूट हवं, आणि 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही वर 2 फूट हवं. कोपऱ्यालगत शेजारची दुमजली भिंत होती. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. तो त्या भिंतीवर आपटून खाली वळला की धूर पाइपातून परत घरात. शिवाय कोपऱ्यात लाकडी फळ्यांची आडभिंत आणि विजेचा बोर्ड. म्हणून चूल आढ्याच्या जवळ, मधल्या भागात घेतली. लाकडी वस्तूंपासून सगळीकडं 3 फूट मोकळे सोडले. पाइपही सरळ वर गेला, एकही वळण नाही. प्रत्येक वळणावर धुराची ओढ कमी होते.

खाली शहाबादी फरशी होती. तिच्यावर थेट चूल मांडायला मी नको म्हटलं. तो चुनखडीचाच दगड. तापून तडकतो, ओल असेल तर कपचे उडतात. विटांचा थर, त्यावर माती, आणि मग भट्टीच्या विटांची चूल, शेजारी वैल, म्हणजे तिच्याच आचेवर चालणारी जोडचूल. चुलीच्या तोंडापुढं दीड फूट विटांची पट्टी वाढवली, कारण निखारा नेमका तिथंच पडतो.

पाइपाचा चुलीलगतचा तुकडा काळ्या लोखंडाचा घेतला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप स्वस्त मिळत होता, पण जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळतं आणि फार तापलं तर त्याचा धूर बाधतो. सांधे जोडताना वरच्या पाइपाचं तोंड खालच्याच्या आत घातलं, म्हणजे आतला डांबरासारखा चिकट रस बाहेर न ओघळता खाली चुलीतच येतो. एक वासा पाइपाच्या फार जवळून जात होता. सुतारानं तो कापून आडव्या लाकडावर पेलला आणि चारही बाजूंनी दीड फूट जागा केली. दोन दिवस त्यातच गेले, पण तिथं घाई करण्यासारखं काही नव्हतंच.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. धूर डोळ्याला झोंबतो, खोकला येतो, माणूस उठून बाहेर जातो. पण लालभडक आराला धूर नसतो, आणि आम्ही भाकरी वाळवतो ती आरावरच. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक जोरानं चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि बाई म्हणते, आज पित्त झालंय. थंडीत पहाटे शटर ओढून काम करायची सवय असते, तेव्हा हे हमखास घडू शकतं. म्हणून पश्चिमेच्या भिंतीत, जमिनीलगत, जाळीचा झरोका पाडून घेतला. त्याला झडप मुद्दामच लावली नाही. बाहेर जाणाऱ्या धुराइतकी हवा आत यायलाच हवी. या वायूचा अलार्मही आणला आणि बसणाऱ्या बायकांच्या नाकाच्या उंचीला, चुलीपासून सहा-सात फुटांवर लावला.

पहिला जाळ भाकरीशिवाय केला. उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ धरली. तिचा धूर आत ओढला गेला, म्हणजे धुराड्याची ओढ चांगली, चुलीचा धूर तिथून बाहेर येत नाही. मग मागांच्या वेळचा एक्झॉस्ट पंखा लावून पाहिला. चुलीचा धूर गर्रकन उलटा फिरून शेडमध्ये आला. पंखा सगळीकडून हवा खेचतो, धुराड्यातूनसुद्धा. त्याच दिवशी त्याची वायर काढून टाकली.

शेडमध्ये तेल प्यालेली मागाची जुनी लाकडं पडली होती. फुकटचं सरपण म्हणून सगळ्यांना ती हवी होती. मी ती जाळू दिली नाही. ज्या आचेवर भाकरी वाळते तिथं बाभूळच, तीही चांगली वाळलेली, आणि पेटवणीला तुराट्या. ओलं लाकूड पाइपात चिकटा धरतं आणि पुढं तोच चिकटा पेटतो. पाइप दर महिन्याला तारेच्या ब्रशनं खरवडून घेतो. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून बाहेर फरशीवर ठेवतो, पोत्यात कधीच नाही. वरून गार दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो.