तुम्ही विचारलंत म्हणून: माळ आणि बिब्बा

दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर विचारायचे, "सिस्टर, सलाईन लावता आणि गळ्यात तुळशीची माळ?" आता निवृत्त झाले तर भाचा विचारतो. त्याच्या प्रश्नाला धार जास्त. "मामी, विठ्ठल खरा आणि भानामती खोटी, हे तू ठरवलंस कसं? पुरावा दोन्हींचा सारखाच." दिंडीतल्या बायका दुसऱ्या अंगानं येतात. "अक्का, देव मानता, मग बाहेरचं का मानत नाही?"

इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. निवडावं लागतं. पैठणच्या नाथांनी ज्ञानेश्वरीसुद्धा हातात आली तशी डोक्यावर घेतली नाही. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी प्रती ताडून पाहिल्या आणि अशुद्ध पाठ काढून टाकले. नाथांनी निवडलं, मी निवडलं तर बिघडलं कुठं?

भाचा म्हणाला, "नाथांकडं ताडायला प्रती होत्या. तुझ्याकडं काय आहे?"

माझ्याकडं 1996 चा चैत्र आहे.

औसा तालुक्यातलं आमचं घर. धाकट्या जावेला दोन मुली, तिसरं पोटातच गेलं आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा रानात. मग सुरू झालं, लोक भानामती म्हणतात ते. दोरीवरच्या लुगड्याला आग. रात्री पत्र्यावर खडे. भाकरीच्या टोपल्यात केस. आणि तिच्या अंगावर फुल्या उमटायला लागल्या, काळ्या, कडेनं पाणी धरलेल्या. गाव बघायला लोटलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "कुणीतरी केलंय."

मी तिचा हात बल्बखाली धरला. बिब्बा. बिब्ब्याचं तेल कातडीवर उतरलं की काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती; काटा मोडला म्हणून बिब्बा लावून पाय सुजवून घेतलेली माणसं दवाखान्यात येतच असत. फुल्या डाव्या हातावर, पोटावर, मांड्यांवर. उजव्या हातावर एक नाही. पाठीवर एक नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

मी कुणाला सांगितलं नाही. इथं माझी बाजू ऐका. सांगितलं असतं तर दिरानं पट्टा काढला असता. त्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणी खुरपं घे म्हणत नव्हतं, बसल्या जागी ताट मिळत होतं. वाटलं, घेऊ दे विसावा, थांबेल आपोआप. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता ते हरिपाठासारखं तोंडातून येतं.

थांबलं नाही. मांत्रिक आणला. त्यानं लिंबू कापलं आणि उगवतीकडचं घर दाखवलं. तिथं एक म्हातारी विधवा एकटी राहायची. तिच्या म्हशीचं ताक आमच्याकडं यायचं. तिला ओढत पारावर आणलं आणि चामडं भिजवायच्या कुंडातलं पाणी पाजलं. त्यानं म्हणे मंत्र उतरतो. मी दारात उभी होते, पांढऱ्या साडीत, दुपारच्या ड्युटीला निघालेली. तिनं मला हेरलं. "तू तर दवाखान्यातली हाईस. सांग की गं यांना."

मी म्हणाले, "एसटी जाईल माझी."

एसटी मिळाली. खिडकीची जागासुद्धा मिळाली. म्हातारी त्याच आठवड्यात लेकीकडं गेली ती परत आली नाही. घराला कुलूप होतं, मग पत्रे उडाले, मग भिंत बसली. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला. पण म्हातारीला असं छळायला त्याआधीही परवानगी नव्हती, तेव्हा कायदा नव्हता म्हणून गप्प बसले, असं म्हणायची मला सोय नाही.

तर माझा नियम इथून आला. ज्या श्रद्धेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं ती सोडायची. भानामती त्यात गेली, करणी गेली, नवसाचं बोकड गेलं. माळ राहिली, कारण माळेनं कुणाला कुंडातलं पाणी पाजलं नाही.

भाचा म्हणेल, हा चांगल्या-वाईटाचा निवाडा झाला, खऱ्या-खोट्याचा नाही. बरोबर आहे त्याचं. आणि एक गोष्ट मी त्यालाही सांगितलेली नाही. माळ मी त्याच वर्षी आषाढीला घातली. आधी नव्हती. म्हणजे निवडून उरलेली वगैरे काही नाही ती.

किल्लारीच्या भूकंपाचं मला विचारू नका. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेली माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. तेव्हा देव कुठं होता याचं उत्तर माझ्याकडं नाही. असलेल्यांचं मी ऐकून घेत नाही.

औंढा नागनाथच्या देवळाचं मात्र विचारा. नामदेवांना पुजाऱ्यांनी देवळासमोरून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. भाचा हसतो. दगडी देऊळ फिरत नाही हे मलाही कळतं. पण हाकललेल्या माणसाकडं देवानं तोंड केलं, हे मला खरं असायला हवंय, आणि का हवंय ते आता तुम्हाला कळलंच असेल. पारावर त्या दिवशी काहीच फिरलं नाही. मीसुद्धा.

नियमाचंही ऐका. मी दर आषाढीला चालायला जायचे तेव्हा आत्याबाईंचं हगणं-मुतणं, गुरं, चूल कोण बघत होतं? तीच, धाकटी. बिल कुणाच्या नावावर फाटत होतं ते मी बघितलं नाही.

आत्याबाई गेल्यावर, गेल्या वर्षी ती पहिल्यांदा दिंडीत आली. तुळजापूरच्या पुढं मुक्कामाला पाय शेकत बसलो होतो. विषय नव्हता काही. एकदम म्हणाली, "अक्का, तवा तुमाला कळलं होतं, मला ठाव हाय. हात माझाच होता. पर करणारी मी नव्हते. कुणीतरी करून घ्यायचं."

मी तिला खोटं पाडणार होते. नर्स आहे मी, मला अशा बाया माहीत आहेत. पण त्याच दुपारी घाटातून चालताना कुणीतरी मला विचारलं होतं, या वयात चालवतं कसं? आणि मी म्हणाले होते, पाय माझे आहेत, चालवणारा तो.

म्हातारीचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही. पहाटे साडेतीनला विणेकरी उठले, पाण्याच्या टँकरवर रांग लागली, आणि ती माझी बादली घेऊन पुढं गेली.