न दिसणारा दिवा

निवृत्तीनंतर मी इथे अमेरिकेत एका छोट्या लष्करी संग्रहालयासाठी जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करतो. एका शनिवारी टेबलावर दोन वस्तू आल्या. दोन्ही अंधारात पाहायच्या दुर्बिणी: एक कार्बाइनवर, म्हणजे आखूड रायफलीवर, बसणारी स्नायपरस्कोप, दुसरी हातात धरायची स्नूपरस्कोप. कार्बाइनवरच्या दुर्बिणीचा पहिला नमुना १९४५ मध्ये ओकिनावात वापरला गेला आणि सुधारलेले नमुने पुढे कोरियात. सोबत सहा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी सैनिकाने पाठीवर वाहायची. कार्बाइन हलकी म्हणून निवडायची आणि वर हे ओझं लादायचं, हा लष्करी हिशेब मला अजून उमगलेला नाही.

कपॅसिटर बदलले, बॅटरीऐवजी टेबलावरचा सप्लाय जोडला. व्हायब्रेटर गुणगुणू लागला. तो सहा व्होल्ट तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला देतो आणि पलीकडे काही हजार व्होल्ट तयार होतात. जीव ट्यूबमध्ये अडकला होता. चांदी, ऑक्सिजन आणि सीझियमचा थर असलेला फोटोकॅथोड; त्यावर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, उच्च विद्युतदाबाने ओढले जातात आणि समोरच्या पडद्यावर हिरवं चित्र उमटतं. भिंगाने उलटी केलेली प्रतिमा ट्यूब पुन्हा सुलटी करते. ट्यूबमधलं निर्वात गेलं असतं, तर सगळी मेहनत फुकट. दिवे मालवले, अवरक्त प्रकाश सोडणारा टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबलं. ठिपका लुकलुकला!

मग आम्ही पोरांसारखे सुटलो. सहकाऱ्याचा काळा शर्ट पांढरट दिसला. ग्लासातल्या कोलामधून पलीकडची कडा दिसत होती. कुंडीतली पानं बर्फासारखी उजळ, कारण हिरवी पानं हा प्रकाश जोरात परत फेकतात. साध्या हिरव्या रंगाने रंगवलेला जुना डबा मात्र शेजारी काळा ठिक्कर. झाडीत लपलेलं सामान उघडं पडेल ते असं.

पण खरा धक्का कॉरिडॉरमध्ये बसला. सहकारी स्नायपरस्कोप आणि तिचा अवरक्त दिवा घेऊन टोकाला गेला. दिव्यावर फिल्टर असल्याने साध्या डोळ्यांना अंधारच. खूप निरखलं तर मंद लालसर डाग. मी माझा दिवा बंद ठेवून स्नूपरस्कोपला डोळा लावला. समोरून मोटारीचा हेडलाइट यावा तसा झोत आला आणि दिवा धरणारा माणूस त्यात पुरता बुडाला. त्याला मी दिसायला त्याचा दिवा माझ्यावर यायला हवा होता. मला त्याला शोधायला काहीच करावं लागलं नाही.

‘कितीपर्यंत दिसायचं?’ असं पाहुणे विचारतात. शंभरेक मीटरच्या आसपास, तेही हवा चांगली असेल तर. माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच: समोरच्याकडेही अशीच दुर्बीण असेल तर? जर्मनांनी त्याच सुमारास एसटीजी ४४ रायफलीवर ‘वाम्पीर’ ही अशीच दुर्बीण बसवली होतीच. नंतर व्हिएतनाममध्ये ताऱ्यांचाच प्रकाश वाढवून दाखवणारी स्टारलाइट स्कोप आली, तिला दिवा लागत नाही.

व्यवस्थापिकेला हे रोज मुलांना चालू करून दाखवायचं होतं. मी नकार दिला. बिघडली तर अशी ट्यूब आता सहजासहजी मिळत नाही. महिन्यातून एक शनिवार ठरला, रिमोट मुलांनी स्वतःचे आणायचे.