ब्लड कल्चर: सुई टोचण्याआधीचं एक मिनिट

ब्लड कल्चर म्हणजे रक्त खास बाटल्यांत भरून त्यात जंतू वाढतात का हे पाहण्याची तपासणी. शीर सापडली की सुई आत जायला काही सेकंद पुरतात. नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या मिनिटात, आणि ते कळतं एक-दोन दिवसांनी, रिपोर्टवर कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस आला की. हा जंतू सगळ्यांच्याच त्वचेवर राहतो. तो रुग्णाच्या रक्तात होता की त्वचेवरून बाटलीत उतरला, हे एका सेटवरून (एकाच शिरेतून भरलेल्या दोन बाटल्यांवरून) ठरवता येत नाही. मग बऱ्याचदा गरज नसताना व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालू होतं, मुक्काम लांबतो आणि रुग्णाला पुन्हा सुया टोचाव्या लागतात. म्हणून प्रौढ रुग्णाचे मी किमान दोन सेट घेते, दोन वेगळ्या शिरांतून. एन्डोकार्डायटिसची (हृदयाच्या आतल्या अस्तराच्या संसर्गाची) शंका असेल तर तीन.

अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी कल्चर घ्यायचं. पण सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) शीर मिळत नाही म्हणून अँटिबायोटिक थांबवून ठेवायचं नाही.

आधी टूर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) बांधून शीर चाचपते, मग ते सैल करते. हात धुऊन ग्लोव्हज घातले की ७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडीन घेऊन त्वचा ३० सेकंद मागेपुढे चोळते. नुसतं पुसून भागत नाही, चोळावंच लागतं. त्यानंतर ३० सेकंद वाळू देते. फुंकर मारायची नाही, हाताने वारा घालायचा नाही. पोव्हिडोन आयोडीन वापरलं तर दीड ते दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि घाईच्या वॉर्डात तेवढं कोणी थांबत नाही, म्हणून मला क्लोरहेक्सिडीनच बरं वाटतं. अगदी लहान बाळांची त्वचा मात्र त्याने भाजू शकते, तिथे आपल्या विभागाचा नियम पाहावा. साफ केलेल्या जागी पुन्हा बोट लावलं तर सगळं पहिल्यापासून.

त्वचा वाळेपर्यंत बाटल्यांकडे वळते. प्लास्टिकचं टोपण काढल्यावर दिसणारं रबर निर्जंतुक असतं असा समज फार पसरलेला आहे. ते तसं नसतं. अल्कोहोल स्वॅबने पुसून वाळू द्यायचं. तिथे आयोडीन नको, त्याने रबर खराब होऊ शकतं. पेनने बाटलीवर हव्या त्या पातळीची खूणही करून ठेवते, कारण बाटलीतली निर्वात पोकळी थांबायचं ओळखत नाही, १० मिलीच्या पुढेही रक्त ओढत राहते.

रक्ताचं प्रमाण ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, म्हणजे एका सेटला सुमारे २० मिली रक्त लागतं. रक्तात जंतू फार विरळ असतात, कित्येकदा एका मिलीत एकसुद्धा नसतो. ३ मिली रक्त पाठवून 'निगेटिव्ह' आलं तर त्यावर विसंबता येत नाही. जास्त भरलं तरी बिघडतं: पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मशीन खोटंच पॉझिटिव्ह दाखवू शकतं.

सेटमधली एरोबिक बाटली ऑक्सिजनवर वाढणाऱ्या जंतूंसाठी असते, अ‍ॅनेरोबिक ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्यांसाठी. बटरफ्लायने (नळी जोडलेल्या पंखांच्या सुईने) घेताना एरोबिक बाटली आधी, कारण नळीतली हवा तिच्यात जाते. सिरिंजने घेतलं तर अ‍ॅनेरोबिक आधी. रक्त कमीच मिळालं तर काही झालं तरी एरोबिक पहिली. इतर तपासण्यांच्या ट्यूब त्यानंतर. आधी त्या भरल्या तर त्यांच्यातले जंतू सुईवाटे कल्चरमध्ये येऊ शकतात.

आधीपासून लावलेल्या कॅन्युलातून (सलाईनसाठी शिरेत ठेवलेल्या नळीतून) कल्चर घेऊ नये. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या लांब नळीतून) घ्यायचं ते लाइनच्या संसर्गाची शंका असेल तेव्हाच, आणि त्याच वेळी हाताच्या शिरेतूनही तेवढंच रक्त घ्यायचं. लाइनची बाटली दुसरीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली तर दोष लाइनकडे जातो.

सिरिंजची सुई रबरातून घालताना बाटली हातात धरू नका, टेबलावर उभी ठेवा. सुई निसटली तर ती थेट धरलेल्या बोटात जाते. शक्य असेल तिथे सुरक्षा-झाकण असलेलं बटरफ्लाय आणि होल्डर वापरावा. दोन बाटल्यांच्या मध्ये सुई बदलायची नाही, वापरलेल्या सुईला टोपण घालायचं नाही. शार्प्स बॉक्स (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) हाताशी हवा, आणि तो तीन-चतुर्थांश भरला की बंद.

बाटल्या हलक्या हाताने उलटसुलट करून लेबल रुग्णाच्या खाटेपाशीच लावते: नाव, नोंदणी क्रमांक, वेळ आणि कोणत्या हातातून की लाइनमधून घेतलं ते. बाटलीवरचा बारकोड झाकला जाऊ नये, मशीन तोच वाचतं. मग दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत, खोलीच्या तापमानाला. रात्री कोणी न्यायला नसलं की बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या जातात. थंडीने काही जंतू तगत नाहीत, तेव्हा उशीर होणार असला तरी त्या बाहेरच राहू द्या.